सॉफ्टवेअरची नोकरी खेळाडूसारखी कशी खेळायची, आणि कुठे तसं करायचं नाही

इंटरव्ह्यूत कोणी "आमची टीम म्हणजे फॅमिलीच आहे" म्हणालं की मी जरा सावरून बसतो. त्यापेक्षा नेटफ्लिक्सवाले प्रामाणिक म्हणायचे, 2009 मध्ये त्यांनी आपल्या कल्चरच्या स्लाइड्स सगळ्यांसाठी खुल्या केल्या त्यात सरळच लिहिलं होतं की आम्ही फॅमिली नाही, टीम आहोत, तीही प्रो खेळाडूंची, आणि जेमतेम बरं काम करणाऱ्याला भरघोस पैसे देऊन निरोप दिला जाईल. ऐकायला कडू आहे, पण निदान कळतं तरी. माझी तक्रार वेगळीच आहे. ही तुलना करणाऱ्या बहुतेक कंपन्या खेळातला फक्त "टीममधून काढायचं" एवढाच भाग उचलतात, आणि कोच, फिजिओ, नेट्स, विश्रांती, एजंट हे सगळं सोयीस्करपणे विसरतात. म्हणजे वगळणार प्रो खेळाडूसारखं आणि तयारी मात्र तुमची तुम्ही बघा. ठीक आहे, मग बघू आपली आपण.

सगळ्यात आधी सराव आणि मॅच वेगळे करा. बॅट्समन मॅचमध्ये जेवढे बॉल खेळतो त्याच्या कितीतरी पट नेट्समध्ये खेळतो, आणि आपण? आपली रोजच मॅच. तिकीट (नेमून दिलेलं काम), डेडलाइन, प्रोडक्शन (लोक वापरतात ती चालू सिस्टिम), परत तिकीट. दहा वर्षं झाली तरी बऱ्याच जणांनी असा तासभरसुद्धा काढलेला नसतो की ज्यात चुकलं तरी कोणाचं काही बिघडणार नव्हतं. अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्यांवर जो पेपर लिहिला त्याचं पुढे "10,000 तास सराव केला की कोणीही तरबेज" असं सोपं करून टाकलं लोकांनी, आणि ते सोपं केलेलं व्हर्जन खुद्द एरिक्सनलाच पटलेलं नव्हतं. नुसते तास मोजून काही होत नाही, जिथे आपण कच्चे आहोत तेवढाच भाग धरून, लगेच चूक-बरोबर कळेल अशा पद्धतीने घासायचा, हा त्यातला खरा मुद्दा.

म्हणजे नेमकं काय करायचं? समजा डेटाबेसमध्ये कच्चे आहात. एखादी हळू चालणारी क्वेरी (डेटाबेसकडून माहिती मागायची आज्ञा) घ्या, ती डेटाच्या कॉपीवर चालवायची, लाइव्हवर नाही. आता लगेच एक्सप्लेन (डेटाबेस ती क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी कमांड) मारू नका. आधी कागदावर लिहा की कुठलं टेबल आधी वाचलं जाईल, इंडेक्स (पटकन शोधायची सूची) वापरला जाईल का, साधारण किती रो म्हणजे ओळी निघतील. मग एक्सप्लेन अ‍ॅनालाइज चालवा आणि ताडून बघा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये प्लॅनरचा (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाचा) अंदाज आणि प्रत्यक्ष आलेल्या रो एकाच ओळीत दिसतात, तिथे अंदाज 1 आणि प्रत्यक्षात 1 लाख असं काही दिसलं की समजायचं गडबड इथे आहे, प्लॅनरने थोड्याच रो येतील म्हणून नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक रोसाठी दुसऱ्यात परत शोधायची पद्धत) निवडला आणि तो लाखभर वेळा फिरतोय, बऱ्याचदा आकडेवारी शिळी झालेली असते आणि नुसतं अ‍ॅनालाइज (ती आकडेवारी ताजी करणारी कमांड) चालवलं तरी प्लॅन बदलतो. किंवा कोणीतरी कॉलमला लोअर (अक्षरं स्मॉल करणारं) फंक्शन लावून शोधलेलं असतं आणि साधा इंडेक्स जागेवर असूनही उपयोगाचा नसतो. (एक्सप्लेन अ‍ॅनालाइज क्वेरी खरोखर चालवतं हं, अपडेट-डिलीट असेल तर ट्रान्झॅक्शनमध्ये घालून रोलबॅक करा म्हणजे बदल मागे घ्या, नाहीतर सरावाचीच मॅच होईल.) या सगळ्यात जीव आहे तो आधी अंदाज लिहिण्यात. उत्तर बघून "हो हो, मला माहीत होतं" म्हणणं फार सोपं असतं, कागदावर लिहिलेला चुकीचा आकडा तसं म्हणू देत नाही. कोपायलट वगैरे कोड लिहून देणारी एआय मंडळी मॅचमध्ये खुशाल वापरा, पण सरावात बंद, कारण तिथे बॅट तुमच्याच हातात पाहिजे.

दुसरं म्हणजे स्वतःच्या खेळाचं रेकॉर्डिंग बघा. सगळ्या टीम्स मॅचनंतर व्हिडिओ घेऊन बसतात, आपल्याकडे तर सगळं आयतं साठवलेलं असतं. गेल्या काही महिन्यांत तुमच्या पुल रिक्वेस्टवर (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्यायच्या विनंतीवर) आलेल्या कमेंट एका फाइलमध्ये ओढा आणि शांतपणे वाचा. पहिल्यांदा वाचताना जरा झोंबतं. पण "एरर हँडल नाही केलीस", "टेस्ट कुठंय", "हे नाव कळत नाही" यातलं काहीतरी एकच परत परत दिसेल, तोच पुढच्या महिन्याचा सराव. आणि झोंबलंच तर फेडररचा हिशोब आठवा, 2024 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात भाषण करताना त्याने सांगितला होता, 1526 सिंगल्स मॅचेसपैकी जवळपास 80 टक्के जिंकल्या पण पॉइंट मात्र फक्त 54 टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मे पॉइंट हरूनही तो फेडरर. एका बगवरून आठवडाभर तोंड पाडून बसू नका.

कोचबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे गल्लत फार होते. मॅनेजर हा कोच नसतो, तो सिलेक्टर असतो. माणूस चांगला असला तरी तुमचं रेटिंग, प्रमोशन, टीममध्ये राहणं हे त्याच्या हातात आहे, त्यामुळे त्याच्यासमोर "मला कॉन्करन्सी अजून धड कळत नाही" (म्हणजे एकाच वेळी चालणारी अनेक कामं सांभाळणं) असं मोकळेपणाने सांगायला जीभ रेटत नाही, आणि त्यात चूकही नाही. म्हणून कच्ची बाजू दाखवायला दुसऱ्या टीममधला किंवा बाहेरचा कोणीतरी सीनियर गाठा. "माझे मेंटॉर व्हाल का" असलं जड काही विचारू नका, लोक बिचकतात. त्यापेक्षा "हे डिझाइन डॉक्युमेंट लिहिलंय, यात कुठे फेकलंय असं वाटतंय ते सांगा" म्हणा, वीस मिनिटं कोणीही देतो. आणि दिलेला प्रत्येक सल्ला मानायलाच हवा असं नाही. जेम्स अँडरसनची बोलिंग अ‍ॅक्शन कोच लोकांनी बदलायला घेतली होती, 2006 मध्ये त्याला पाठीचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, मग गडी आपल्या जुन्या अ‍ॅक्शनवर परतला आणि 2024 मध्ये टेस्टमधून निवृत्त झाला तेव्हा नावावर 704 टेस्ट विकेट होत्या. तेव्हा कोणी कोड लिहायचा एडिटर बदल म्हटलं की लगेच बदलायचा नसतो.

फॉर्म गेला की? तेंडुलकरचं सिडनी आठवा, जानेवारी 2004. त्या सीरिजमध्ये ऑफ स्टंपबाहेरच्या बॉलवर विकेट जात होती तर पठ्ठ्याने कव्हर ड्राइव्हच बंद ठेवला आणि नाबाद 241 केले. आपल्या कामात त्याचं भाषांतर असं, की जो फटका सध्या विकेट घेतोय तो काही दिवस बंद. मीटिंगमध्ये जागच्या जागी एस्टिमेट द्यायची खोड असेल तर "उद्या सकाळी सांगतो". हजार ओळींच्या पुल रिक्वेस्ट अडकत असतील तर महिनाभर दोनशेच्या वर जायचंच नाही. नवीन काही शिकायची गरज नाही, एक गोष्ट फक्त करायची नाही.

दुखापतीचं थोडक्यात सांगतो. फास्ट बोलरच्या ओव्हर्स मोजल्या जातात, तुमच्या रात्रीच्या ऑन-कॉल (सिस्टिम बिघडली तर उठायच्या पाळ्या) कोणी मोजत नाही, त्या तुम्ही मोजा. तारीख, वेळ, कशासाठी उठलात, एवढंच. गूगलने आपल्या एसआरई लोकांसाठी (सिस्टिम सुरळीत चालू ठेवणाऱ्या इंजिनिअरांसाठी) ऑपरेशन्सच्या कामाला 50 टक्क्यांची मर्यादा घालून ठेवलीय, ती उगाच नाही. "फार त्रास होतोय" यावर सहानुभूती मिळते, यादी दाखवली की रोटेशन बदलतं. मनगट दुखायला लागलं तर मात्र यादी वगैरे नको, सरळ डॉक्टर.

आता एजंट, जो तुमच्याकडे नाही. करार स्वतः वाचायचा, आणि सही करायच्या आधी. पगारासोबत मिळणारे कंपनीचे शेअर्स साधारण चार वर्षांत हातात येतात आणि पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर बऱ्याचदा शून्य, त्यामुळे अकराव्या महिन्यात वैतागून राजीनामा टाकायच्या आधी कॅलेंडर बघा. ऑप्शन्स (ठरलेल्या भावाने शेअर्स घ्यायचा हक्क) असतील तर नोकरी सुटल्यावर ते वापरून शेअर्स विकत घ्यायला किती दिवस मिळतात तेही बघा, अनेक ठिकाणी फक्त 90. आणि सोडून जाताना हात बांधणारी कलमं. युरोपात 1995 च्या बोसमन खटल्याच्या निकालाआधी करार संपलेल्या फुटबॉलपटूसाठीसुद्धा जुना क्लब पैसे मागू शकायचा, नोटीस पीरियड आणि "अमुक काळ स्पर्धकाकडे जाणार नाही" ही कलमं वाचताना तीच नजर ठेवा. शिवाय जायचं नसलं तरी अधूनमधून एखादा इंटरव्ह्यू देत जा, आपला भाव काय चाललाय ते कळतं.

आता कुठे ही तुलना सोडून द्यायची ते. वयाच्या बाबतीत तर पूर्ण सोडा. केन थॉम्पसनचा जन्म 1943 चा, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम 1969 मध्ये सुरू केलं आणि गो ही प्रोग्रॅमिंग लँग्वेज बाहेर आली 2009 मध्ये, तिच्या तीन जनकांपैकी तो एक. पस्तिशीत "आता संपलं" म्हणणाऱ्यांनी हे गणित करून बघावं. जागांच्या बाबतीतही सोडा, मैदानावर अकराच लागतात म्हणून शेजारचा तुमची जागा खातो, इथे तसं काही नाही, जोवर कंपनी मुद्दाम तसं करत नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये लोकांना एकमेकांविरुद्ध रँक करायची पद्धत होती, 2013 मध्ये त्यांनीच ती बंद केली.

आणि मुख्य म्हणजे इथे स्कोअरबोर्ड नाही. तो नाही म्हणून लोक खोटे बनवतात, किती तिकिटं बंद केली, किती कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) टाकले, त्यामागे धावलात तर फुकट दमाल. स्वतःची स्कोअरशीट ठेवा. शुक्रवारी दहा मिनिटं, दोन-तीन ओळी, आधी काय होतं आणि आता काय आहे या भाषेत. "रिपोर्टचं काम केलं" असं नाही, तर "रिपोर्ट उघडायला 9 सेकंद लागायचे, आता 2, आणि त्याबद्दलच्या तक्रारी थांबल्या". दुसऱ्याला मदत केली तीही लिहा, ती कुठल्याच सिस्टिममध्ये दिसत नाही. आणि ही फाइल ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका, निरोप मिळतो त्या दिवशी लॉगिन आधी बंद होतं. फक्त कंपनीचा कोड किंवा गोपनीय आकडे त्यात घेऊ नका, नाहीतर वर सांगितलेलं करारातलं एखादं कलम जागं व्हायचं.