जीमेल तुंबलंय? एकेक मेल पुसत बसू नका
हे काम मोबाइलवर नको, कॉम्प्युटरवरच करा. सर्चमध्ये इंग्रजीत ‘अनसबस्क्राइब’ (unsubscribe, म्हणजे ‘हे मेल बंद करा’) टाइप करा. जाहिरातींची बहुतेक पलटण एका जागी सापडते. वरच्या चौकोनावर टिक केली की पानावरचे साधारण 50 मेलच निवडले जातात. लगेच वर एक ओळ येते, ‘या शोधातले सगळे निवडा’ अशा अर्थाची. ती दाबली नाही तर रात्र तिथेच जाईल! मग डिलीट नव्हे, आर्काइव्ह करा, म्हणजे न पुसता इनबॉक्समधून बाजूला ठेवा, कारण त्या गर्दीत विजेचं बिल किंवा रेल्वेचं तिकीटही असू शकतं. आर्काइव्हने इनबॉक्स मोकळा होतो, गुगलच्या मोफत 15 जीबीतली जागा मात्र नाही. चुकून डिलीट केलंच, तर मेल 30 दिवस ट्रॅशमध्ये असतो.