कौलांखालचा कुजलेला वासा कसा दुरुस्त करावा

लाकूड वयानं कुजत नाही, ओलं राहिलं की कुजतं. म्हणून करवत हातात घेण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. थेंब पडतो तिथेच फट असेल असं नाही. पाणी वाशाच्या कडेनं ओघळत खाली येतं, त्यामुळे डागापासून आढ्याच्या दिशेनं वर बघत जा. फुटलेलं कौल, सरकलेला कोना (आढ्यावरचं कौल), तुंबलेली पन्हळ, यांपैकी काहीतरी सापडेलच.

मग जाड स्क्रू ड्रायव्हरनं लाकूड टोचून पाहा. टोक सहज आत गेलं तर तो भाग गेला. नुसता काळा डाग असून लाकूड टणक लागलं, तर त्याला हात लावू नका. भिंतीत गेलेलं टोक मात्र नक्की तपासा, बहुतेक कूज तिथेच असते. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. तिचा बंदोबस्त आधी.

रीप, म्हणजे कौलं जिच्यावर बसतात ती वाशांवरची आडवी पट्टी, कुजली असेल तर सरळ बदला. आढं किंवा वासे ज्यावर टेकतात ते भिंतीवरचं आडवं लाकूड गेलं असेल, तर अनुभवी सुताराला बोलवा. तिथे अनेक वाशांचा भार एकत्र येतो.

एखाद-दुसरा वासा असेल तर काम कोरड्या हवेत काढा. कौलं वरून खाली उतरवा आणि जमिनीवर रचा, छपरावर ढीग नको. कौलांवर उभं राहू नका. वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावर बसा. वाशाच्या चांगल्या भागाखाली ठेपा द्या, ठेप्याच्या बुडाशी फळी ठेवा आणि पाचर मारून तो घट्ट करा. वासा उचलायचा नाही, फक्त धरायचा. जोरात उचललात तर शेजारची कौलं तडकतील.

कुजका भाग कापा, आणि टणक लाकूड लागल्यावरही साधारण फूटभर पुढे जा, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे पोचलेली असते. तेवढ्याच उंचीचा, पूर्ण वाळलेला नवा वासा जुन्याच्या बाजूला लावा. चांगल्या लाकडाला तो निदान दोन फूट तरी चिकटून हवा. १२ मिलिमीटरचे जस्ताचा मुलामा असलेले बोल्ट वॉशर घालून कसा. ते एका रेषेत नकोत, वर-खाली टाका, नाहीतर लाकूड चिरतं. दोन्हींची वरची कड एका पातळीत आली पाहिजे. तसं झालं नाही तर रिपा वाकतात आणि कौलं डुगडुगतात.

लाकूडसंरक्षक द्रावण कापलेल्या टोकांना दोनदा लावा, टोकंच सर्वांत जास्त पाणी शोषतात. भिंतीतल्या टोकाखाली डांबरी पट्टी घाला. भोवती सिमेंट ठासून भरू नका, हवा खेळायला थोडी फट राहू द्या.

रिपा पहिल्याच अंतरावर ठोका, कौलं खालून वर चढवा, मग ठेपा काढा. शेवटी एकानं आत टॉर्च घेऊन थांबायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाणी सोडायचं. सुरुवात वळचणीकडच्या ओळीपासून करा आणि एकेक ओळ वर सरका, म्हणजे गळती राहिली असेल तर नेमकी कोणत्या ओळीत ते कळेल.