डेकखालचं पाणी काढायचंय? आधी ही तयारी

फावडं हातात घेण्याआधी एक जोराचा पाऊस बघून घ्या. छत्री घेऊन परसात उभं राहा आणि पाणी डेकखाली, म्हणजे खांबांवर उभ्या लाकडी फळ्यांच्या ओट्याखाली, नेमकं कुठून शिरतंय ते पाहा. पुष्कळदा दोष मातीचा नसतोच, पन्हळीचा पाईप डेकच्या कडेलाच ओतत असतो. तसं असेल तर त्याला जोड देऊन पाणी दोनेक मीटर लांब न्या आणि पुढच्या पावसाची वाट बघा.

तरी तुंबलंच, तर माती तपासायची. वीज, गॅस, पाण्याच्या लाइनी कुठून गेल्यात याची खात्री झाल्याशिवाय पहार लावू नका. मग खांबांपासून लांब, 30 सेंटीमीटर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या, काठोकाठ भरा, रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा भरा, वर आडवी काठी ठेवा आणि दर तासाला पाणी किती उतरलं ते टेपने मोजा. तासाला 2.5 सेंटीमीटरही उतरत नसेल तर निचरा वाईट आहे. खड्ड्यातली ओली माती तळहातावर वळा. न तुटता लांब वळी झाली तर चिकणमाती समजा. तिच्यात थोडी वाळू मिसळा असं कुणी सांगेल. अजिबात ऐकू नका, ती आणखी घट्ट बसते.

जमिनीचा उतार लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, बघा. घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला मीटरमागे निदान 2 सेंटीमीटर हवा. पाणी वाहून न्यायला चर मारायचा तर ते शेवटी कुठे सोडणार हे आधी ठरवा, आणि ती जागा शेजाऱ्याचं कुंपण नको. सामानात 100 मिलिमीटरचा भोकांचा पाईप, धुतलेली खडी आणि जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. खडी न धुता आणलीत तर तिची भुकटी कापडाची छिद्रं बुजवते. पाईपला मीटरमागे 1 सेंटीमीटर उतार द्या, भोकं खालच्या अंगाला.

खांब मात्र विसरू नका. जमिनीलगत स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. वरून कोरडं, टणक दिसणारं लाकूड आतून भुसा झालेलं असू शकतं. टोक सहज आत गेलं तर आधी खांब, मग चर. चर खांबाच्या पायाच्या (फाउंडेशनच्या) तळापेक्षा खोल जाणार असेल, तर जितका जास्त खोल तितका तरी पायापासून लांब घ्या.

फळ्या उचलाव्या लागल्याच, तर काढण्याआधी प्रत्येकीवर खडूने नंबर टाका आणि फोटो काढून ठेवा. पावसात खडू धुऊन जातो.