सात दिवसांच्या लोन ॲपमधून आणि खासगी सावकारीतून सुटायचं कसं

माझा एक मावसभाऊ चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, पगार दहा तारखेला होतो आणि खिसा वीस-बावीसलाच रिकामा. मधले दिवस काढायला त्याने एका ॲपवरून पाच हजार घेतले. म्हणजे मंजूर झाले पाच हजार, खात्यात आले तीन हजार दोनशे, उरलेले 'प्रोसेसिंग फी' म्हणून आधीच कापले, आणि सातव्या दिवशी परत करायचे मात्र पूर्ण पाच. हिशोब करून बघा, ३,२०० वर आठवड्याला १,८०० म्हणजे ५६ टक्के, वर्षाचा दर लावला तर २,९०० टक्क्यांच्या वर जातो. ते फेडायला दुसरं ॲप, दुसरं फेडायला तिसरं, असं करत चार महिन्यांत नऊ ॲप्स झाली आणि वर गावातल्या एकाकडून महिना शेकडा दहाने तीस हजार. घरी कळलं ते बायकोच्या फोनवर त्याचा एडिट केलेला घाणेरडा फोटो आला तेव्हा. नंतर दोन-तीन रविवार आम्ही बसून हे सगळं सोडवलं, तेच इथे क्रमाने लिहितोय.

आधी नवीन पैसे घेणं बंद

आजपासून बंद, पुढच्या पगारापासून नाही. यात ते 'एक्स्टेंशन' पण आलं, म्हणजे आता १,२०० भरा आणि सात दिवस वाढवून घ्या. ते १,२०० मुद्दलातून एक रुपयाही कमी करत नाहीत, आठ दिवसांनी आकडा तोच. भावाने एकाच ॲपला चार वेळा एक्स्टेंशन भरलं होतं आणि त्याला वाटत होतं आपण फेडतोय.

मग वही काढा

मोबाईलवर नको, खरी वही. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट डाउनलोड करा आणि चार रकाने आखा: कोणाचं, हातात खरंच किती आले, आतापर्यंत आपण किती दिले, आणि ते आता किती मागतायत. मंजूर रक्कम लिहू नका, हातात आलेलीच लिहा, सगळा खेळ त्या फरकात असतो. आमच्या वहीत नऊ ॲप्सकडून मिळून हातात आले होते ६८,४००, गेले होते ८१,९००, आणि तरी मागणी चालू होती ४७,००० ची. हे बघून तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "म्हणजे मी फेडलेत की." तोवर तो स्वतःला बुडव्या समजत होता.

आता तीन ढीग करा

सगळी कर्जं एकसारखी नसतात आणि सगळ्यांना एकच उपाय लावला की फसतं. यूट्यूबवर 'कोणालाच एक रुपया देऊ नका' सांगणारे बरेच आहेत, त्यांचं ऐकून लोक चांगल्या बँकेचे हप्तेही थांबवतात आणि नंतर होमलोनच्या वेळी रडतात.

पहिला ढीग म्हणजे बँक किंवा आरबीआयकडे नोंदलेली एनबीएफसी (बँक नसलेली, पण कर्ज देणारी वित्त कंपनी) जिच्या मागे आहे ती कर्जं. ॲपचं नाव काहीही असो, कर्ज देणारी कंपनी कोण हे करारात आणि की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींच्या कागदावर, लिहिलेलं असायलाच हवं. आरबीआयच्या वेबसाइटवर जुलै २०२५ पासून डिजिटल लेंडिंग ॲप्सची यादी आहे, तिथे ॲपचं नाव शोधा. फक्त ही यादी कंपन्यांनी स्वतः दिलेल्या माहितीवर असते आणि नावांची नक्कल करणारे भरपूर, म्हणून त्या एनबीएफसीच्या स्वतःच्या वेबसाइटवर पण हे ॲप दिसतंय का ते बघा.

दुसरा ढीग बोगस ॲप्सचा. मुदत सात-चौदा दिवसांची, लिंक व्हॉट्सॲपवर आलेली, करारच नाही, आणि दर वेळी पैसे वेगळ्याच माणसाच्या यूपीआयवर मागतात. सगळी रक्कम ६० दिवसांच्या आत परत मागणारं पर्सनल लोन ॲप गूगल प्ले स्टोअरच्या नियमातच बसत नाही, त्यामुळे सात दिवसांची मुदत दिसली की समजून जा.

तिसरा ढीग सावकार. ओळखीचा, गल्लीतला, 'अरे आपलाच माणूस आहे' वाला.

बोगस ॲप्सचं काय करायचं

घाईत पहिल्यांदा ॲप डिलीट करू नका, आधी पुरावा. ॲपची स्क्रीन, कर्जाची रक्कम, धमकीचे मेसेज, कॉल कुठल्या नंबरवरून कधी आले, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक), सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कोणाच्या तरी मेलवर पाठवून ठेवा. मग सेटिंग्जमध्ये जाऊन कॉन्टॅक्ट, फोटो, एसएमएस सगळ्या परमिशन काढा, यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे चालू असेल तर तो रद्द करा, आणि मग ॲप उडवा. कॉन्टॅक्ट लिस्ट त्यांच्याकडे आधीच गेलेली असते हे धरून चला.

म्हणून त्यांच्या आधी आपणच लोकांना सांगायचं. बहुतेक जण 'माझा फोन हॅक झालाय' असं टाकतात, मला ते पटत नाही कारण पुढच्याला लगेच कळतं. आम्ही व्हॉट्सॲपवर सगळ्या नातेवाइकांना आणि कंपनीतल्या सुपरवायझरला सरळ लिहिलं: 'एका बोगस लोन ॲपने माझे कॉन्टॅक्ट चोरलेत. माझ्या नावाने फोटो किंवा मेसेज आला तर उत्तर देऊ नका, पैसे देऊ नका, स्क्रीनशॉट मला पाठवा. पोलिसांत तक्रार दिली आहे.' लाज वाटली हो, खूप वाटली, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्याच दोघांनी फोन करून सांगितलं की त्यांचंही तेच चाललंय.

तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करा आणि तो नंबर घेऊन पोलीस स्टेशनला जा. तिथे 'लोनचं मॅटर आहे, आमचं काम नाही' म्हणतात, तेव्हा कर्जाबद्दल बोलूच नका, खंडणी आणि धमकीबद्दल बोला. भारतीय न्याय संहितेत खंडणीला कलम ३०८ आहे, धमकीला ३५१, आणि अश्लील फोटो बनवून पाठवला असेल तर आयटी ॲक्टचं ६७ आणि ६७अ. आरबीआयचं सचेत पोर्टल पण आहे, नोंदणी नसलेल्या कंपन्यांची तक्रार तिथे जाते.

पैसे द्यायचे का? माझं मत सांगतो. हातात आले त्यापेक्षा जास्त परत गेले असतील तर एक रुपया देऊ नका, कारण दिल्याने फोन थांबत नाहीत, उलट 'हा देतो' असं कळतं. काही ॲप्स तर फेडल्यावर न मागता परत पैसे टाकतात. तसं झालं तर ते खर्च करू नका, त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा.

'उद्या पोलीस घरी येतील' ही धमकी प्रत्येकाला येते. हप्ता थकणं हा दिवाणी विषय आहे, थकलं म्हणून अटक होत नाही. चेक किंवा ऑटो-डेबिट बाउन्स झाला तर मात्र केस होऊ शकते, त्याचं पुढे येतंच. आणि हे फोन सुरू असताना रात्री मनात नको ते यायला लागलं तर ते दाबून ठेवू नका, घरातल्या एका माणसाला सांगा, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सावकार

इथे कायदा आपल्या बाजूने बराच आहे, लोकांना माहीत नसतो एवढंच. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार धंदा म्हणून पैसे व्याजाने द्यायला परवाना लागतो. परवानाधारकालाही शेतकऱ्याच्या तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि बिनतारणीवर १२ टक्के, बाकीच्यांना तारणीवर १५ आणि बिनतारणीवर १८ टक्के, एवढंच व्याज लावता येतं. वर्षाला बरं का, महिन्याला नाही. शेकडा दहा म्हणजे वर्षाला १२० झाले. शिवाय व्याजापोटी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, आपल्याकडचं जुनं दामदुपटच ते. परवान्याशिवाय सावकारी केली तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. पण मित्राने अडीनडीला हातउसने दिले ती सावकारी नाही, हा कायदा त्याच्यावर काढू नका.

तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. साध्या कागदावर अर्ज चालतो, तारखा, रकमा, साक्षीदार, यूपीआयचे पुरावे जोडा, आणि कॉपीवर पोच शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

जमीन किंवा घर अडकलं असेल तर हे नीट वाचा. सावकार गहाणखत करत नाही, तो 'फक्त विश्वासाला' म्हणून खरेदीखत करून घेतो, पैसे दिले की परत फिरवून देतो म्हणतो, आणि कागदोपत्री तुम्ही जमीन विकलेली असते. याच कायद्याच्या कलम १८ खाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो, चौकशीत तो व्यवहार सावकारीतूनच झाला हे सिद्ध झालं तर ते खत रद्द करून जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो, मागच्या १५ वर्षांपर्यंतचे व्यवहार त्यात येतात. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं ओढून जाळली, दंगल झाली ती कागदांसाठीच, कारण अंगठा कशावर दिला हे देणाऱ्याला माहीतच नसायचं. आता जाळायची गरज नाही, पण सही करायच्या आधी वाचायची आहेच.

कोऱ्या चेकचं. सही केलेला चेक त्याच्याकडे असेल तर तो हवी ती रक्कम भरून बँकेत टाकू शकतो, आणि 'स्टॉप पेमेंट' दिलं तरी कलम १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट), केस टळत नाही. नोटीस आली की पैसे भरायला १५ दिवस असतात, त्या आत वकिलाकडून उत्तर जायलाच हवं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, हेल्पलाइन १५१००, महिलांना तर उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

भावाचं असं झालं की तीस हजारातले पहिल्या महिन्याचे तीन कापून सत्तावीसच मिळाले होते आणि पाच महिने नुसतं व्याज गेलं होतं, पंधरा हजार. आम्ही काकांना घेऊन गेलो, निबंधकांकडचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता. काकांनी फक्त एवढंच विचारलं की तुमचा परवाना नंबर काय हो, अर्जात लिहायचाय. चहा आला. मुद्दलातून बारा हजार घेऊन मिटलं, तीन टप्प्यांत, सगळे बँकेतून, कॅश नाही, आणि शेवटचा टप्पा त्याच्याकडचा भावाचा चेक परत हातात घेतल्यावरच. प्रत्येक वेळी इतकं सरळ होत नाही. माणूस दमदाटीवाला असेल तर घरी जाऊच नका, आधी अर्ज, आणि अंगावर आला तर ११२.

बँक आणि एनबीएफसी

यांचं द्यायचं आहे, फक्त अटी बदलून घ्यायच्या. फोनवर बोलू नका, मेल करा: 'माझा पगार इतका आहे, सध्या महिना इतकंच देऊ शकतो, हप्ता कमी करून मुदत वाढवून द्यावी, आणि आजपर्यंतचं पूर्ण स्टेटमेंट पाठवावं.' स्टेटमेंटमध्ये दंड बघा, एप्रिल २०२४ पासून दंडावर परत व्याज चढवता येत नाही.

वसुलीवाल्यांसाठी आरबीआयचा नियम आहे, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही. मोडला की तारीख-वेळ लिहून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर आरबीआय लोकपालाकडे, सीएमएस या आरबीआयच्या तक्रार पोर्टलवर, फी नाही. काही अडलं तर आरबीआयची हेल्पलाइन १४४४८.

सेटलमेंटची ऑफर आली तर पत्र आधी, पैसे नंतर, आणि पैसे फक्त कर्जखात्यात, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. 'सेटल्ड' असा शेरा सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या रेकॉर्डमध्ये, पडतो आणि तो पुढे नडतो, त्यामुळे थोडं ओढून पूर्ण फेडता येत असेल तर 'क्लोज्ड' करून घ्या. फी घेऊन 'तुमचं लोन अर्ध्यात मिटवतो' म्हणणाऱ्या एजन्सींना मी तरी दारात उभं करणार नाही.

पैसे आणायचे कुठून

वर म्हटलं नवीन कर्ज नको आणि आता हे, पण फरक आहे. स्वस्त दराचं एकच कर्ज घेऊन महागाचा आख्खा ढीग बंद होत असेल तरच. आधी कंपनीत पगाराचा ॲडव्हान्स विचारा, कामगारांची पतपेढी असेल तर तिथे, मग एलआयसी पॉलिसीवर किंवा एफडीवर, मग बँकेतलं सोनेतारण. बायकोने बांगड्या काढून दिल्या तेव्हा भाऊ नको म्हणत होता, तिनेच ऐकवलं की फोटो माझ्या फोनवर आला होता, आता निर्णय पण मीच घेणार. भिशी लागायची असेल तर तीही यातच टाका.

मिटल्यावर

प्रत्येक पहिल्या ढिगातल्या कर्जाचं नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या, ई-मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) रद्द झाल्याचं बँकेकडून बघून घ्या. दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा, सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. बंद झालेलं कर्ज चालू दिसत असेल, किंवा तुम्ही घेतलंच नाही असं काही दिसलं, तर तिथेच ऑनलाइन तक्रार टाका. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायची तरतूद आहे, म्हणून तक्रारीची तारीख वहीत लिहून ठेवा.