पायलोरी आणि पेशींचा ब्लॉट: या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांतून एमएस्सीच्या प्रोजेक्टला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरात राहणारा जंतू घ्यावासा वाटतो यात नवल नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच त्याला पहिल्या गटातला कर्ककारक ठरवलं. हा जंतू सुईसारख्या यंत्रणेने कॅगए हे प्रथिन जठराच्या अस्तरातल्या पेशीत सोडतो. पेशीचीच सार्क गटातली एन्झाइम्स त्यावर फॉस्फेट चढवतात, मग ते शिप-२ या पेशीतल्या एन्झाइमला चिकटतं आणि ईआरके या प्रथिनाची, पेशीला वाढायला सांगणारी साखळी चालू होते. शिवाय पेशीच्या पृष्ठभागावरचा एचबी-ईजीएफ हा वाढीचा घटक कापला जाऊन सुटतो आणि ईजीएफआर या ग्राहक प्रथिनाला जागं करतो. हे सगळं तोंडपाठ असतं. तरी ब्लॉट (पेशीतली प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने दाखवणारा पडदा) काढला की जंतू असो वा नसो, सगळ्या लेनमध्ये, म्हणजे प्रत्येक नमुन्याच्या रांगेत, फॉस्फो-ईआरके (फॉस्फेट चढलेला, चालू ईआरके) सारखाच काळाकुट्ट.

पहिला संशय सीरमवर घ्या. मीडियममधल्या (पेशी वाढवायच्या द्रवातल्या) १० टक्के सीरममध्ये वाढीचे घटक भरपूर असतात, म्हणून आदल्या रात्रीपासून पेशींना बिनसीरमच्या मीडियममध्ये ठेवा. तेवढ्याने बँड (लेनमधला काळा पट्टा) कोरा होईल ही अपेक्षा मात्र नको. बहुतेकांच्या हाती एजीएस या जठराच्या कर्करोगातून आलेल्या पेशी असतात आणि त्यांच्यात ईआरकेची साखळी चालवणारं केरास जनुक आधीच बिघडलेलं असतं. थोडा ईआरके तिथे कायम चालूच राहणार. नुसतं ईजीएफ (ईजीएफआरला चालू करणारा घटक) दिलेली एक लेन लावा, म्हणजे चढ किती हे कळेल.

याच्या उलट तक्रार, म्हणजे काहीच चढत नाही, बहुतेक वेळा पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनमुळे येते. पेशींच्या मीडियममध्ये ते सवयीने घातलेलं असतं आणि त्यातच जंतू सोडला जातो! आदल्या दिवशीच अँटिबायोटिक नसलेलं मीडियम द्या. प्लेट जुनी असेल तरी हेच होतं, कारण वाकडा, वळवळणारा जंतू म्हातारा झाला की गोल होतो आणि कामाचा राहत नाही. पेशींवर घालण्याआधी ग्रॅम स्टेन करून बघायला कितीसा वेळ लागतो?

कॅगए काढलेल्या जंतूनेही ईआरके चढला तर घाबरू नका. ईजीएफआरची वाट त्याला मोकळीच असते. फरक पाहायचा तर सुईची यंत्रणाच नसलेला म्युटंट आणि उष्णतेने मारलेला जंतू, दोन्ही सोबत लावा.

वेळांचं गणित पुष्कळदा लोकल ठरवते. खारघरच्या लॅबमधून ठाण्याची गाडी पकडायची म्हणून सहा तासांचा नमुना गाळला जातो, पावसाळ्यात तर हमखास. ईजीएफआर काही मिनिटांत चढतो, पण पेशी लांबट होऊन तिला हमिंगबर्डसारखी चोच फुटायला काही तास लागतात. म्हणून पहाटे सुरू करा किंवा कोणाशी तरी वाटून घ्या.

सर्वांत जास्त ब्लॉट वाया जातात ते फॉस्फेट काढणारी एन्झाइम्स थांबवणाऱ्या ऑर्थोव्हॅनाडेटपायी, असं माझं मत. बाटलीतली पावडर नुसती पाण्यात विरघळवून लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रवात) टाकायची नसते. पीएच १० ला आणला की द्रावण पिवळं दिसतं. ते उकळा, रंग जाईल. थंड करून पीएच पुन्हा बघा. परत पिवळं झालं तर परत उकळा. पीएच १० लाही ते बिनरंगी राहिलं की मगच ते प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लावरचं फॉस्फेट वाचवतं. पेशी ताटलीतून काढतानाही ताटली बर्फावरच हवी.

फॉस्फोटायरोसिनचा ब्लॉट दुधात ब्लॉक करू नका, म्हणजे पडद्यावरच्या रिकाम्या जागा दुधाने झाकू नका. दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फेटवालं असतं, पार्श्वभूमी काळवंडते. बोव्हाइन अल्ब्युमिन महाग पडतं, पण तेच वापरा. आणि १३० किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपासचा बँड दिसताच ईजीएफआर मिळाला म्हणून गाइडकडे धावू नका. ईजीएफआर १७० च्या पुढे असतो, हा बहुतेक कॅगए असेल. कॅगए नसलेल्या म्युटंटच्या लेनमध्ये हा बँड गायब आहे का, ते आधी तपासा.