हिवाळ्यात सोलरवर ऑफिस चालवताय? आधी सावली बघा, मग बॅटरी

नागपूरकडे शेतात किंवा गच्चीवर लाईटचं कनेक्शन नसलेली खोली करून सोलरवर काम करणारे बरेच जण डिसेंबर आला की अजून एक पॅनल घ्यायला निघतात, पण माझं म्हणणं आहे की आधी थांबा जी, आपल्याकडे हिवाळ्यात ऊन कडक आणि आभाळ बहुतेक मोकळं असतं, कमी पडतात ते तास आणि आडवी येते ती सावली.

डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे इतका खाली असतो की भर दुपारीसुद्धा जेवढी वस्तू उंच तेवढीच लांब सावली पडते, आणि सकाळी 9 ला तर दुप्पट. म्हणजे पावसाळ्यात जी पाण्याची टाकी किंवा कडुनिंबाची फांदी आडवी येत नव्हती ती आता येते. पॅनलमधले सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर सावली पडली तरी करंट बराच खाली येतो. एक दिवस 9, 12 आणि 3 ला वर जाऊन फोटो काढा, फांदी छाटा, स्टँड फिरवता येत असेल तर तोंड दक्षिणेला आणि उतार 35 अंशाच्या आसपास. दव आणि धूळ मिळून पॅनलवर चिखलाचा थर बसतो, तो सकाळीच ओल्या फडक्याने पुसायचा. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला असाल तर तिथल्या औष्णिक वीज केंद्रांच्या राखेमुळे जास्त वेळा.

आता हिशोब. 335 वॅटचे दोन पॅनल चांगल्या दिवशी साधारण अडीच युनिट देतात. 2000 वॅटचा हीटर एक तास लावला की त्यातले दोन युनिट गेले, म्हणून हीटर आणि चहाची इलेक्ट्रिक केटली नकोच, स्वेटर घाला, चहा गॅसवर करा. प्रिंटर, पंप, बॅटरीवाल्या टूल्सचं चार्जिंग सगळं 11 ते 3 मध्ये उरका, कारण साडेपाचला सूर्य जातो. रात्री इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी 10-20 वॅट खातच राहतो, तो बंद करा आणि राऊटर आणि 12 व्होल्टचे एलईडी थेट बॅटरीच्या 12 व्होल्टवर घ्या, राऊटरच्या अडॅप्टरवर 12 व्होल्टच लिहिलंय ना तेवढं बघून.

ट्युब्युलर बॅटरी (इन्व्हर्टरला लावतात ती पाणी भरायची लेड-ॲसिड) थंडीत कमी साथ देते, लोड काढून थोड्या वेळाने मोजल्यावर 12.2 व्होल्ट दिसलं की अर्धी संपली समजा, त्याखाली नेऊ नका. जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळीचं आभाळ आलं तर पहिल्याच दिवशी डेस्कटॉप बंद करून लॅपटॉपवर या, बॅटरी उतरायची वाट बघू नका.