तालचे डाव बघताना या चुका टाळा

बुद्धिबळपटू मिखाईल तालचा डाव पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाचं सगळं ठरलेलं असतं. सोळाव्या चालीला घोडा जातो, माणूस "अरेच्चा!" म्हणतो. सदतिसाव्या चालीला समोरचा डाव सोडतो, माणूस "व्वा!" म्हणतो आणि लगेच पुढचा डाव लावतो. अर्ध्या तासात आठ डाव, आठ वेळा व्वा. दुसऱ्या दिवशी विचारा, त्यातला एक डाव पटावर मांडून दाखव, तर पहिल्या सहा चालींनंतर गाडी अडते.

मीही बरीच वर्षं असाच बघत होतो. आता दर शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दहा-बारा मुलांना बुद्धिबळ शिकवतो. तीच मुलं त्याच खड्ड्यांत पडताना बघून हे लिहायला बसलोय. लॅटव्हियातल्या रीगाचा हा माणूस १९६० साली वयाच्या तेविसाव्या वर्षी जगज्जेता झाला. त्याच्या डावांचं कौतुक करू नका असं कोण म्हणेल? पण कौतुक नेमकं कशाचं करतोय, ते तरी कळायला हवं.

इंजिन आधी लावणं

सगळ्यात मोठी आणि हल्लीची चूक हीच. मोबाइलवर डाव उघडायचा, बाजूला इंजिनची, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमची, कोण वरचढ ते दाखवणारी पट्टी चालू ठेवायची, आणि तालने मोहरं दिलं की पट्टी कुठे सरकली ते बघायचं. पट्टी खाली गेली की पोरं म्हणतात, "सर, हा तर ब्लंडर आहे." झालं. डाव तिथेच मेला.

तेव्हाच्या जगज्जेत्या बॉटविनिकविरुद्धच्या १९६०च्या सामन्यातला सहावा डाव घ्या. (घरांची नावं अशी: उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८; बी४ म्हणजे बी-पट्टीतलं चौथं घर.) मॉस्कोचं पुश्किन थिएटर, ताल काळ्या मोहऱ्यांनी खेळतोय, सुरुवात किंग्ज इंडियन बचावाची. त्याचे दोन्ही हत्ती सी-पट्टीत एकामागे एक उभे, वजीर बी४ वर घुसलेला, पण एच५ वरचा घोडा काठावर बसून कंटाळलेला. एकविसाव्या चालीला तालने तो घोडा सरळ एफ४ वर टाकला. तिथे तो जी३ च्या प्याद्याला फुकट मिळणार हे उघड होतं. बॉटविनिकने घेतला. ई५ च्या प्याद्याने एफ४ वर मारलं आणि जी७ वर कोंडलेल्या उंटापुढची तिरकी वाट सी३ च्या घोड्यापर्यंत मोकळी झाली. सभागृहात एवढी कुजबुज सुरू झाली की शेवटी दोघांना आतल्या खोलीत नेऊन पुढचा डाव खेळवावा लागला.

इंजिनला विचारलंत तर ते सांगेल की पांढऱ्याला उत्तर होतं. इंजिनच कशाला, माणसांनीही ते नंतर शोधलं: पंचविसाव्या चालीला एफ३ चं प्यादं उंटाने मारायचं आणि मग तोच उंट ई४ वर आणायचा. बॉटविनिकने ते केलं नाही. त्याने हत्तीने वजीर मारला, काळ्या प्याद्याने त्याचा वजीर मारला, आणि वजिरांची अदलाबदल होऊन पांढऱ्याच्या पोटात ई२ वर एक काळं प्यादं येऊन बसलं. दिलेला घोडा थोड्याच चालींत वसूल झाला. पुढचा खेळ तालने शांतपणे, जवळजवळ कारकुनी पद्धतीने संपवला. तो भाग मात्र कोणी बघत नाही.

आता प्रश्न असा की ती बचावाची चाल बॉटविनिकला का दिसली नाही? तो काही आमच्या सोसायटीतला खेळाडू नव्हता. १९४८ पासून, मधलं एक वर्ष सोडलं तर, जगज्जेतेपद त्याच्याकडेच होतं. पहिल्या चाळीस चालींना अडीच तास, घड्याळ चालू, बाहेर गलका, आणि पटावर एकाच वेळी पाच गोष्टी लटकतायत. तालने टाकलेला प्रश्न त्या परिस्थितीतल्या माणसाला होता. इंजिनला घामही येत नाही आणि घड्याळाची टिकटिकही ऐकू येत नाही.

म्हणून आमच्याकडे नियम आहे: पहिल्यांदा डाव लाकडी पटावर, इंजिन बंद. दुसऱ्यांदा इंजिन लावा. तेव्हासुद्धा "ताल चुकला का?" असं विचारू नका. "समोरचा नेमका कुठे वाचू शकला असता आणि ती चाल शोधायला किती कठीण होती?" असं विचारा.

मोहरं दिलं म्हणजे ताल झालो, असं वाटणं

हा रोग मला स्वतःला झाला होता, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका स्थानिक स्पर्धेत, तिसऱ्या फेरीत, मी मोठ्या ऐटीत उंट एच७ वर मारून शह दिला. राजाने उंट घेतला. घोड्याने जी५ वरून शह, राजा जी८ वर परत, वजीर एच५ वर. आता एच७ वर मात, दुसरं काय! समोर सातवीतला मुलगा. त्याने दप्तरातून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि आपला डी७ वरचा घोडा एफ६ वर आणून ठेवला. एच७ राखलं गेलं, वर माझ्या वजिरावरच हल्ला. पुढच्या बारा चालींत माझा निकाल लागला.

चूक साधी होती. उंटाच्या अशा बळीला (मोहरं मुद्दाम देण्याला) ई५ वर आपलं प्यादं लागतं, म्हणजे एफ६ चं घर समोरच्या घोड्याला मिळत नाही. माझं प्यादं ई३ वरच होतं. मी तालच्या डावातली चाल उचलली होती, ती चाल ज्यावर उभी असते तो पाया उचलला नव्हता.

तालचे डाव बघताना बळीच्या आधीच्या पाच चाली बघा. बहुतेक वेळा काय दिसतं? त्याची जवळजवळ सगळी मोहरी कामाला लागलेली, समोरच्याची दोन-तीन अजून घरातच, आणि राजाभोवती रखवालदार कमी. बळी हा त्या हिशेबाचा शेवटचा आकडा असतो. मुलांना मी एकच काम देतो: बळीच्या क्षणी राजाच्या आसपास हल्ला करणारी मोहरी किती आणि वाचवणारी किती, ते वहीत लिहा. आकडे समान निघाले तर आपण तो बळी देऊ नये. तालने दिला असेल, पण तो ताल होता.

आणखी एक आकडा सांगतो, तो पोरांना पटत नाही. १९६०च्या सामन्यात २१ डाव झाले. त्यांत तालने ६ जिंकले, २ हरला आणि १३ बरोबरीत सुटले. "दर डावात आग लावणारा" माणूस तेरा वेळा हात मिळवून उठला.

किस्से प्यायचे, डाव थुंकायचे

तालच्या भोवती किस्से एवढे की डाव बाजूला राहतो. १९५९च्या कँडिडेट्स स्पर्धेत (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) पाल बेन्को काळा चष्मा घालून खेळायला आला, तालच्या नजरेचा त्रास होऊ नये म्हणून. मग तालनेही चष्मा चढवला. हसा, जरूर हसा. पण बेन्को डाव चष्म्यामुळे हरला नाही. त्याच स्पर्धेत सोळा वर्षांचा बॉबी फिशर, पुढचा जगज्जेता, तालशी चार डाव खेळला आणि चारही हरला. त्याला कुठलाही चष्मा उपयोगी पडला असता असं वाटत नाही.

दुसरा किस्सा पाणघोड्याचा, तालने स्वतः सांगितलेला. कीव्हमध्ये सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत वास्युकोव्हविरुद्ध घोडा द्यावा की नाही, याचा तो विचार करत होता. मध्येच डोक्यात लहान मुलांच्या कवितेतली एक ओळ आली: दलदलीतून पाणघोडा ओढून काढणं किती कठीण! झालं, बराच वेळ तो जॅक, दोरखंड, तरफा, हेलिकॉप्टर यांचाच विचार करत बसला. शेवटी "बुडू दे त्याला" म्हणून पाणघोडा सोडला आणि अंदाजाने घोडा देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की तालने बराच वेळ विचार करून अचूक गणित मांडलं.

किस्सा मजेशीर आहे, पण त्याच्या पोटात एक कबुली आहे: प्रत्येक बळी शेवटपर्यंत मोजलेला नसतो. हे ऐकून लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो, "म्हणजे जुगार!" दुसरा म्हणतो, "म्हणजे जादू!" हजारो स्थिती पाहून मुरलेला अंदाज या दोन्हींत बसत नाही. स्वयंपाकघरात आजी मीठ चमच्याने मोजत नाही, पण भाजी खारट होत नाही. तसंच काहीसं.

१९६० वर ताल संपला, असं समजणं

१९६१च्या परतीच्या सामन्यात बॉटविनिकने १० डाव जिंकले, ५ हरला, ६ बरोबरीत सोडवले आणि मुकुट परत घेतला. ताल आजारी होता हे खरं, त्याची किडनी त्याला आयुष्यभर छळत राहिली आणि १९६९ मध्ये एक काढावीच लागली. पण निकाल नुसता आजारावर ढकलू नका. बॉटविनिकने वर्षभर तालचे डाव अभ्यासले होते, आणि वजीर निघून गेलेल्या स्थितींत, डावाच्या शेवटच्या टप्प्यात त्याला ओढत नेलं. तालचे डाव कसे बघावेत याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला हा पन्नाशीला टेकलेला, आदल्या वर्षी हरलेला माणूस वाटतो. त्याने "व्वा" म्हणण्यात वेळ घालवला नाही.

पुढचा ताल वेगळाच. १९७३-७४ मध्ये तो सलग ९५ डाव हरला नाही: ४६ विजय, ४९ बरोबऱ्या. हा विक्रम २०१८ मध्ये डिंग लिरेनने मोडेपर्यंत टिकला. १९७९ मध्ये माँट्रियलला त्याने तेव्हाच्या जगज्जेत्या कार्पोवबरोबर पहिला क्रमांक विभागून घेतला, आणि १९८८ मध्ये जागतिक ब्लिट्झ (काही मिनिटांच्या झटपट डावांचं) अजिंक्यपद मिळवलं, वय ५१. त्या काळातले डाव पोरांना "बोअर" वाटतात. मला हल्ली तेच जास्त आवडतात, पण हा वयाचा दोष असू शकतो.

किरकोळ अडचणी

डाव लावताना पट जुळत नाही, मध्येच एखादं मोहरं चुकीच्या घरात सापडतं? दहातल्या सात वेळा कारण एकच असतं: चालींच्या इंग्रजी नोंदीतलं के अक्षर घोड्याचं समजणं. के म्हणजे राजा, घोड्याला एन. आणि दोन घोडे एकाच घरी जाऊ शकत असतील तर कुठला गेला, ते मधल्या अक्षरावरून कळतं, ते वगळू नका.

व्हिडिओ बघत असाल तर बळीच्या आधी थांबवा. नंतर थांबवून उपयोग नाही.

नेहमी तालच्याच खुर्चीत बसणं

ही चूक मला सगळ्यात उशिरा कळली. आपण डाव बघतो तो जिंकणाऱ्याच्या बाजूने. एकदा पट फिरवून बघा.

१९६५, ब्लेड, कँडिडेट्स सामन्यातला दहावा आणि शेवटचा डाव. बेंट लार्सन आणि ताल, गुण साडेचार-साडेचार. ताल पांढऱ्या मोहऱ्यांनी, सुरुवात सिसिलियन बचावाची. पंधराव्या चालीला लार्सनने बी-प्यादं पुढे ढकलून सी३ वरच्या घोड्याला हुसकावलं. कोणीही घोडा मागे घेईल. तालने तो डी५ वर नेऊन ठेवला, ई६ च्या प्याद्याच्या तोंडात. लार्सनने मारला, तालने ई-प्याद्याने परत मारलं. हिशेब: एका घोड्याच्या बदल्यात एक प्यादं, आणि उघडी झालेली ई-पट्टी.

आता लार्सनच्या खुर्चीत बसा. तुमच्याकडे एक मोहरं जास्त आहे. पण वजीर बी८ वर, हत्ती ए८ वर, उंट सी८ वर, तिघंही एका कोपऱ्यात दाटीवाटीने. तालचे दोन उंट डी३ आणि डी४ वरून तुमच्या राजाकडे रोखलेले. एच७ झाकायला तुम्ही एफ-प्यादं दोन घरं पुढे नेता. ताल डी१ वरचा हत्ती ई१ वर आणतो, आणि ई७ वरचा तुमचा उंट मारात येतो. त्याला राखायला कोणीच नाही.

लार्सनने हत्ती एफ७ वर नेऊन उंट राखला. अगदी नैसर्गिक चाल. दोन चालींनंतर तालने एफ५ चं प्यादं उंटाने मारलं, एफ७ च्या हत्तीने तो उंट घेतला, आणि घेताना ई७ ची राखण सोडली. पांढरा हत्ती ई७ वर घुसला. ३७ व्या चालीला तालचा वजीर एफ७ वर आला आणि लार्सनने डाव सोडला. साडेपाच-साडेचार, सामना तालचा.

गेल्या महिन्यात हीच स्थिती मी वर्गात मांडली, काळ्या बाजूने, नावं न सांगता. वीस मिनिटं दिली. सहावीतली एक मुलगी बराच वेळ गप्प होती, मग तिने ई७ वरचा उंट उचलून एक घर तिरका मागे, डी८ वर ठेवला. "हत्ती कशाला अडकवायचा? उंटच बाजूला घ्यायचा ना." विश्लेषकांनी नंतर हीच चाल चांगली ठरवली होती. मी सांगितलं की हा लार्सन आहे, त्या काळातला जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, आणि त्याने ही चाल खेळली नाही.

तिने पट एकदा माझ्या बाजूने बघितला, एकदा स्वतःच्या. मग विचारलं, "सर, त्याला पण वीस मिनिटं होती का?"

मी घड्याळ पुढे ओढलं, पाच मिनिटांवर लावलं आणि तिला सांगितलं, डी८ पासून पुढे खेळ, मी ताल. चौदा चालींत मी हरलो.